ट्रंकेतून निघालेला गरुड

केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात दर हिवाळ्यात जुन्या लष्करी वस्तूंचा एक प्रचंड बाजार भरतो. ओहायो व्हॅली मिलिटरी सोसायटी ही संग्राहकांची संस्था तो भरवते. 'शो ऑफ शोज' हे त्याचं प्रचारातलं नाव. हजारावर टेबलं मांडलेली असतात आणि त्यांवर अमेरिकन यादवी युद्धातल्या पट्ट्यांच्या बकलांपासून व्हिएतनाममधून आलेल्या टोप्यांपर्यंत काय वाटेल ते मिळतं. सगळ्यात जास्त गर्दी असते ती जर्मन वस्तूंच्या टेबलांपाशी. तिथे एखाद्या कोपऱ्यात काळ्या चामड्याचं, आतून गादी घातलेलं मोटारसायकलस्वाराचं हेल्मेट दिसतं. त्याच्या कपाळावर अॅल्युमिनियमचा गरुड असतो. गरुडाच्या पायांत पानांच्या कड्यातलं तिरकं स्वस्तिक आणि डोक्यावरच्या फितीवर चार अक्षरं: एन.एस.के.के. नाझी पक्षाच्या मोटार दलाची ही आद्याक्षरं.

एस.एस. या हिटलरच्या खास दलाच्या वस्तूंना जो भाव येतो, तो या दलाच्या वस्तूंना येत नाही. त्यामुळे बेताच्या कमाईचे, नव्याने या छंदात पडलेले अनेक जण इथूनच सुरुवात करतात. गाड्यांची आवड असलेले अमेरिकन या शाखेकडे जास्त ओढले जातात, हेही उघड आहे. खंजीर, टोप्या, बाहीवरचे बिल्ले, शर्यतींच्या पाट्या, दलाचं सदस्यपुस्तक यांतून एका माणसाला आयुष्यभर पुरेल एवढा संग्रह उभा राहू शकतो. पण या वस्तूंकडे बघण्याआधी हे दल काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं. या छंदातली सगळ्यात मोठी फसगत बनावट मालामुळे होत नाही. दलाच्या अर्धवट इतिहासामुळे होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९३०च्या एप्रिलमध्ये नाझी पक्षाने आपल्या मोटारवाल्या समर्थकांची संघटना काढली. त्या काळच्या जर्मनीत मोटार ही खात्यापित्या घरची वस्तू होती. पक्षाला प्रचारासाठी, वक्त्यांना गावोगाव पोचवण्यासाठी आणि रस्त्यावरच्या मारामाऱ्यांत आपली माणसं झटपट उतरवण्यासाठी गाड्या हव्या होत्या. पुढच्याच वर्षी संघटनेचं नाव बदलून एन.एस.के.के. झालं. पहिल्या महायुद्धातला लष्करी अधिकारी आणि १९२३च्या म्युनिकमधल्या फसलेल्या उठावात भाग घेतलेला अॅडॉल्फ ह्यूनलाइन तिचा प्रमुख झाला. तपकिरी गणवेशवाल्या एस.ए. दलाचीही एक मोटार शाखा होती. १९३४च्या उन्हाळ्यात हिटलरने एस.ए.चा प्रमुख अर्न्स्ट र्‍योम याला ठार करवलं. त्यानंतर त्या शाखेचे लोक एन.एस.के.के.त मिसळले आणि हे दल एस.ए.पासून वेगळं, स्वतंत्र झालं. महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्याची सदस्यसंख्या पाच लाखांच्या घरात होती. ह्यूनलाइन जून १९४२मध्ये वारला. त्याच्या जागी आलेला एर्विन क्राउस शेवटपर्यंत प्रमुख राहिला.

तरुणांना गाडी चालवायला आणि दुरुस्त करायला शिकवणं हे दलाचं रोजचं काम होतं. हिटलर युवक संघटनेच्या मोटार तुकड्यांचं प्रशिक्षण त्याच्याकडे होतं. पुढे लष्कराला लागणारे ट्रकचालक आणि रणगाडाचालक या शिक्षणातून तयार होऊन गेले. मोटारशर्यतींवरही दलाचा ताबा होता. रुडॉल्फ काराचिओला, मानफ्रेड फॉन ब्राउखिच यांच्यासारखे जगप्रसिद्ध शर्यतपटू दलात होते. १९३८ची जर्मन ग्रां प्री नुर्बुर्गरिंगवर झाली. ती रिचर्ड सीमन या इंग्रज तरुणाने मर्सिडीज चालवून जिंकली. व्यासपीठावर त्याच्या शेजारी गणवेशातला ह्यूनलाइन उभा होता आणि सीमनचा हातही सलामीसाठी वर गेला. वर्षभरात सीमन बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीत जळून मेला. तो फोटो मात्र आजही छापला जातो.

युद्धानंतर जर्मनीत एक सोयीस्कर समज पसरला. एन.एस.के.के. म्हणजे गाड्यांची हौस असलेल्यांचा निरुपद्रवी क्लब, पक्षात जायचं नसेल तर तिथे नाव घालून सुटका करून घेता येत होती, असं हजारो जण सांगू लागले. पुढे बव्हेरियाचा मुख्यमंत्री झालेला फ्रान्त्स योझेफ श्ट्राउससुद्धा तरुणपणी या दलात होता. काहींच्या बाबतीत हे कारण खरंही असेल. पण ज्यू वंशाच्या माणसाला या 'क्लबा'चे दरवाजे पहिल्यापासून बंद होते. नोव्हेंबर १९३८मध्ये जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि दुकानं फोडली-जाळली गेली, तेव्हा या दलाचे लोकही त्यात होते. पाठोपाठ ३ डिसेंबर १९३८ला एस.एस.चा प्रमुख हिमलर याने ज्यूंची ड्रायव्हिंग लायसन्स रद्द करण्याचा हुकूम काढला. म्हणजे ज्या देशात सरकार प्रत्येकाला मोटारीचं स्वप्न दाखवत होतं, त्याच देशात एका समाजाला स्टिअरिंगला हात लावण्याचीही बंदी झाली. युद्धात दलाच्या तुकड्या पूर्व आघाडीवर गेल्या. ट्रक चालवण्यापुरतं त्यांचं काम राहिलं नाही. ज्यूंच्या कत्तलींत त्यांचा हात होता. डोरोथे होखश्टेटर या जर्मन इतिहासकार बाईंनी २००५मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हे सगळं कागदपत्रांनिशी मांडलं आहे. दलाच्या एखाद्या टोपीकडे बघताना हे ठाऊक नसेल, तर आपण त्या जुन्या सबबीलाच कापडाचं अस्तर लावत असतो.

आता ही टोपी केंटकीत कशी पोचली ते पाहू.

१९४५च्या वसंतात अमेरिकन फौजा जर्मनीत शिरल्या तेव्हा गावोगावचे लोक गणवेश जाळत होते, बिल्ले विहिरींत टाकत होते, खंजीर बागेत पुरत होते. अमेरिकनांनी गाव ताब्यात घेतलं की शस्त्रं जमा करण्याचा हुकूम निघे. मग नगरपालिकेच्या इमारतीत बंदुकांबरोबर खंजिरांचाही ढीग लागे. पोरसवदा सैनिक त्यातून आठवण म्हणून एखादी वस्तू उचलत. काही वस्तू सिगारेटच्या पाकिटांच्या बदल्यात मिळत. १० ऑक्टोबर १९४५ला दोस्तांच्या नियंत्रण मंडळाने आपल्या दुसऱ्या कायद्यान्वये नाझी पक्षाच्या सगळ्या संघटना बरखास्त केल्या. त्या यादीत हे मोटार दलही होतं. तोवर त्याची असंख्य चिन्हं खोक्यांत भरून टपालाने अटलांटिकपार गेली होती.

अमेरिकन लष्कराने या लुटीला एक चौकट घालून दिली होती. सैनिकाने घरी न्यायच्या वस्तूंची यादी करायची, वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यावर सही करायची आणि या वस्तू या माणसाच्या मालकीच्या आहेत असा दाखला द्यायचा. टंकलेखन यंत्रावर घाईघाईत ठोकलेला हा पातळ कागद त्या वेळी कुणी फारसा जपला नाही. आज संग्राहकांच्या जगात त्या कागदाला मोठा मान आहे. खंजीर आणि त्या खंजिराचं नाव असलेला सहीचा कागद एकत्र आले, तर नुसत्या खंजिरापेक्षा भाव कितीतरी चढतो.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे एक कोटी साठ लाख अमेरिकनांनी गणवेश चढवला. २०२४मध्ये त्यांतले साधारण सहासष्ट हजारच हयात होते. आजोबा गेले की तळघरातली किंवा माळ्यावरची ट्रंक उघडते आणि नातवंडांच्या हाती गरुडाचं हेल्मेट लागतं. ते कुठल्या गावात मिळालं, कुणाकडून मिळालं, आजोबा त्या दिवशी काय करत होते, हे सांगणारा माणूस मात्र उरलेला नसतो. घरातलं सामान विकायला काढलं की हेल्मेट एकीकडे जातं, पत्रं कचऱ्यात जातात आणि फोटोंचा आल्बम तिसरीकडेच जातो. वस्तू वाचते, पण तिची हकिगत मरते. मला या साऱ्या व्यवहारातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

हकिगत गेली की वस्तू स्वतः काय सांगू शकते, हे बघायला दलाच्या खंजिरासारखं दुसरं उदाहरण नाही. हा मुळात एस.ए.चा, १९३३ साली ठरलेला खंजीर. आकार सोळाव्या शतकातल्या स्विस खंजिरावरून उचललेला. तपकिरी लाकडी मूठ, मुठीत बसवलेला छोटा गरुड, वरच्या बाजूला एस.ए.ची गोल टिकली. पात्यावर आम्लाने कोरलेलं घोषवाक्य असतं, 'सारं काही जर्मनीसाठी' अशा अर्थाचं. पात्याच्या मागच्या बाजूला कारखान्याची खूण. बहुतेक कारखाने झोलिंगेन या सुऱ्या-कात्र्यांच्या गावातले. आइकहॉर्न कंपनीची खूण म्हणजे तलवार धरून बसलेली खार. पुढे म्युनिकच्या पक्ष-पुरवठा कार्यालयाचे सांकेतिक आकडे पात्यावर आले. सुरुवातीच्या खंजिरांची जोडकामं चांगल्या निकेल-मिश्रधातूची आहेत. युद्ध जवळ येत गेलं तसा धातू हलका होत गेला आणि शेवटच्या काळातल्या जस्ताच्या भागांवर आज पांढुरकी बुरशी धरलेली दिसते. जर्मनीचा तांब्या-निकेलचा साठा कसा आटत गेला, ते एकापुढे एक दहा खंजीर मांडून दाखवता येतं.

१९३६पासून मोटार दलाने याच खंजिराला काळं म्यान दिलं. एस.ए.चं म्यान तपकिरी, मोटार दलाचं काळं, एवढाच सहज दिसणारा फरक. ज्यांच्याकडे आधीचा खंजीर होता, त्यांतल्या अनेकांनी नवं म्यान न घेता जुन्यालाच काळा रंग फासला. त्यामुळे काळ्या रंगाखाली तपकिरी थर सापडणं, हे मुळात अस्सलपणाशी विसंगत नाही. पण हीच गोष्ट फसवणाऱ्यांच्या पथ्यावर पडते. एस.ए.चा खंजीर मुबलक आणि स्वस्त. काळ्या रंगाचा डबा घेतला की तो दुर्मिळ होतो. १९३६ साली मारलेला रंग आणि १९९६ साली मारलेला रंग यांतला फरक मग भिंगाखाली शोधावा लागतो. जुना रंग म्यानाच्या कडांवर आणि कमरेच्या कडीच्या घर्षणाने झिजलेला असतो. नवा रंग झिजवला तर तो कुणी हात लावणार नाही अशा जागीही झिजलेला असतो.

काही खंजिरांच्या पात्याची मागची बाजू घासलेली दिसते. १९३१ संपण्याआधी एस.ए.त आलेल्या जुन्या सदस्यांना र्‍योमने १९३४च्या आरंभी भेट म्हणून खंजीर दिले होते. त्यांवर त्याच्या हस्ताक्षरातला स्नेहाचा मजकूर आणि सही कोरलेली होती. मोटार शाखेतल्या जुन्या लोकांनाही ते मिळाले. ३० जून १९३४ला र्‍योमची उचलबांगडी झाली, लगेच तो मारला गेला आणि सही घासून टाकण्याचा आदेश निघाला. कुणी फक्त नाव घासलं, कुणी पूर्ण मजकूर. काहींनी काहीच केलं नाही आणि खंजीर लपवून ठेवला. न घासलेल्या खंजिराला आज प्रचंड भाव आहे, म्हणून बनावटही त्याचीच जास्त होते. मला विचाराल तर घासलेलं पातं जास्त बोलतं. काल ज्याची सही अभिमानाने कमरेला बांधली, त्याचं नाव आज कानशीने घासून काढायचं आणि उद्या पुन्हा संचलनाला जायचं, हे एका माणसाने आपल्या घरात बसून केलेलं आहे. पात्यावरचे कानशीचे आडवे ओरखडे त्याचाच पुरावा आहेत.

बनावटीचा धंदा जुना आहे. साठच्या दशकात अमेरिकन व्यापाऱ्यांनी झोलिंगेनमधल्या कारखान्यांत पडून राहिलेले सुटे भाग विकत घेतले. त्यांतून जुळवलेले खंजीर अर्धे अस्सल, अर्धे नवे. बिल्ल्यांच्या बाबतीत तर आपला उपखंडही या बाजारात आहे. बनारस आणि सियालकोटच्या कारागिरांचं जरीकाम जगभरच्या सैन्यांच्या गणवेशांवर जातं आणि त्याच प्रकारचं काम चित्रपटांसाठी, युद्धप्रसंग रंगवणाऱ्या हौशी मंडळींसाठी होतं. कारागिराने ते नक्कल म्हणूनच विकलेलं असतं. पाच-सहा हातांतून फिरल्यावर ती 'अस्सल' होते. त्यावर उपाय म्हणून संग्राहक अतिनील प्रकाशाचा दिवा जवळ ठेवतात. युद्धानंतरचा कृत्रिम धागा त्या प्रकाशात चमकतो. पण दिव्यावर आंधळा विश्वास टाकून चालत नाही. एखाद्या गृहिणीने साठ वर्षांपूर्वी आजोबांचा अस्सल बिल्ला आजच्यासारख्या धुण्याच्या पावडरीत धुतला असेल, तर तोही चमकतो.

या शाखेत शर्यतींच्या आणि मोटारफेऱ्यांच्या पाट्या मला सर्वांत प्रामाणिक वाटतात. १९३३ आणि १९३४ साली बाडेन-बाडेनहून निघून दोन हजार किलोमीटरचा फेरा मारत तिथेच परत येणारी मोठी मोटारफेरी झाली होती. अशा लहानमोठ्या असंख्य फेऱ्या दलाचे जिल्हे भरवत आणि भाग घेणाऱ्यांना गावाचं नाव, तारीख आणि एखाद्या किल्ल्याचं किंवा पुलाचं चित्र असलेली धातूची पाटी देत. स्वस्त असल्यामुळे त्यांची बनावट कमी होते. शिवाय एखाद्या छोट्या गावात अमुक रविवारी काय चाललं होतं, हे त्या सांगतात.

अमेरिकेत संग्रहाची परंपरा महायुद्धाआधीची आहे. सैनिकी बिल्ल्यांच्या संग्राहकांची तिथली संस्था १९३७ची, पदकांच्या संग्राहकांची १९५०ची. कॅलिफोर्नियातल्या सॅन होझेच्या आर. जेम्स बेंडर प्रकाशनाने साठच्या दशकाअखेरपासून जर्मन गणवेश-चिन्हांवर एकामागून एक ग्रंथ काढले. जॉन अँगोलिया या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याची पुस्तकं तर कित्येकांना तोंडपाठ असतात. वस्तूंची वर्गवारी या लोकांनी अचूक केली. या दलाने काय केलं, हा प्रश्न मात्र त्या पुस्तकांत मागे पडला. टाक्यांची संख्या मोजली गेली आणि बिल्ला घालणारा माणूस मोजणीतून सुटला.

जर्मनीत ही चिन्हं जाहीरपणे मिरवणं हा दंडसंहितेच्या ८६-अ कलमाखाली गुन्हा आहे. अमेरिकेत तसा कायदा नाही आणि तो सहजासहजी होणारही नाही. शिकागोजवळच्या स्कोकी गावात नाझी छळातून वाचलेली बरीच ज्यू कुटुंबं राहत होती. तिथे स्वस्तिकं घेऊन मोर्चा काढण्याचा नवनाझींचा हक्क न्यायालयांनी १९७७-७८मध्ये मान्य केला. त्या वस्तुस्थितीला गावाने दिलेलं उत्तर आज उभं आहे: इलिनॉय होलोकॉस्ट संग्रहालय २००९ साली स्कोकीतच उघडलं. २०००मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने याहू कंपनीला फ्रेंच ग्राहकांना नाझी वस्तू दाखवण्यास मनाई केली. पुढच्या वर्षी याहू आणि ईबे या दोघांनीही आपल्या लिलावांतून त्या काढल्या. व्यापार थांबला नाही. तो लुईव्हिलसारख्या बाजारांत आणि खास लिलावगृहांत सरकला. २०२२च्या जुलैत मेरीलँडमधल्या एका लिलावात हिटलरचं म्हणून सांगितलेलं घड्याळ अकरा लाख डॉलरला गेलं, तेव्हा ज्यू नेत्यांनी जाहीर निषेध नोंदवला होता.

त्यांचा राग मला पटतो. तरीही या वस्तू नष्ट कराव्यात असं मला वाटत नाही. पॅटन या सेनापतीने न्यूरेंबर्गच्या वंशभेदी कायद्यांची हिटलरच्या सहीची मूळ प्रत जर्मनीतून आणून १९४५ साली कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात ठेवली. ती तिथे अर्धशतकाहून अधिक काळ तिजोरीत पडून होती. २०१०मध्ये ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला मिळाली. आज ती पुरावा म्हणून आहे, कारण ती कुठे सापडली, कुणी कुणाला दिली, याची साखळी शाबूत आहे. साखळीचं हे महत्त्व मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. २०२४च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याला ती साताऱ्यात मिळाली एवढं पेटीवरच्या मजकुरावरून कळतं. अफजलखानाच्या वधाशी त्यांचं नातं सिद्ध करता येत नाही, हे त्या संग्रहालयानेच सांगितलेलं आहे. मधली दीडशेहून अधिक वर्षं कागदावर नाहीत.

नाझी काळाच्या बाबतीत तो कागद शोधण्याची सोय अमेरिकेतच आहे. पक्षाच्या सदस्यांची कार्डं लगदा करण्यासाठी म्युनिकजवळच्या कागद गिरणीत पाठवली होती. गिरणीमालक हान्स हूबर याने ती दडवून ठेवली आणि अमेरिकनांच्या हाती दिली. ती बर्लिनच्या दस्तऐवज केंद्रात राहिली आणि १९९४मध्ये जर्मन सरकारकडे गेली. पण सगळ्याच्या मायक्रोफिल्म मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या अभिलेखागारात आहेत. मोटार दलाच्या सदस्यपुस्तकात नाव आणि जन्मतारीख असते. तेवढ्यावरून तो माणूस पक्षात कधी आला हे तिथे पाहता येऊ शकतं. एखाद्या संग्राहकाने एवढे कष्ट घेतले, तर त्याच्या कपाटातल्या वस्तूला माणूस मिळतो आणि त्या माणसाला त्याचा हिशेब.

याच टेबलांवर कधी कधी आपल्याशी संबंधित एक चिन्ह दिसतं. केशरी, पांढरा, हिरवा पट्टा, त्यावर झेप घेणारा वाघ आणि वर जर्मन भाषेत 'स्वतंत्र भारत'. सुभाषबाबूंच्या पुढाकाराने जर्मनीत युद्धकैद्यांतून उभ्या राहिलेल्या भारतीय सेनेचा हा बाहीवरचा बिल्ला. अंशतः मोटारींवर चालणारी ती पलटण होती. अस्सल बिल्ले थोडे आणि नकला भरपूर आहेत. तो बिल्ला ज्यांच्या बाहीवर होता त्यांची नावंगावं आपल्याकडेही विस्कळीतच नोंदलेली आहेत.

अमेरिकेत आता आपली माणसं शेजारी, घरमालक, सासरची-माहेरची नातलग म्हणून अशा कुटुंबांशी जोडली गेली आहेत. शेजारच्या आजोबांची ट्रंक तुमच्यासमोर उघडली आणि त्यातून गरुड निघाला, तर दारावरच्या आपल्या स्वस्तिकाशी त्याची गल्लत करू नका आणि घाबरून तो फेकूही नका. पितळ घासून चकचकीत करू नका, चामड्याला तेल लावू नका. पत्रं, फोटो, सहीचा कागद वस्तूपासून वेगळा पडू देऊ नका. आजोबा किंवा आजी बोलू शकत असतील तर गाव, महिना आणि पलटणीचं नाव विचारून लिहून घ्या. मग ती वस्तू विकण्याआधी वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाला किंवा न्यू ऑर्लिन्सच्या दुसऱ्या महायुद्धाच्या संग्रहालयाला एक पत्र टाका.